डोळ्यातली कड

१९११ साल. गंगाखेडच्या खालच्या अंगाला, गोदाकाठचं एक गाव. दिवस कललाय, तुम्ही चुलीपुढं बसलात आणि समोर तुमचा अकरा वर्षांचा लेक भाकरी मोडतोय. तुकडा कोरड्यासात बुडतो, पण तोंडाकडं येता येता हात पाखराच्या पंखासारखा फडफडायला लागतो. कोरड्यास सदऱ्यावर सांडतं. तो तुमच्याकडं पाहून ओशाळं हसतो आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची तार खाली येते. गेल्या वर्षापर्यंत हाच पोरगा शेळ्यांमागं नदी ओलांडून जायचा.

या गोष्टीत तुम्ही आई आहात. लेकरू तेच राहील, त्याचं दुखणं तेच, गाव तेच. दारात उभी असलेली सात वर्षांची धाकटीही तीच. साल मात्र बदलत जाईल. प्रत्येक सालात तुम्हाला एकच गोष्ट मिळवायची आहे: या दुखण्याचं नाव.

१९११ मध्ये ते कुणाकडंच नाही. सासूबाई म्हणजे तुमची सख्खी आत्या. मामाच्या पोरीला सून करून आणायची रीत पाळून त्यांनी तुम्हाला या घरात आणलं. आत्या म्हणतात, नजर लागली. भावकी म्हणते, बाहेरचं हाय. दोन वर्षांपूर्वी त्याला कावीळ झाली होती, तेव्हा गळ्यात माळ घातली होती. माळ वाढत वाढत बेंबीखाली गेली आणि कावीळ उतरली. आता त्याच माणसाला पुन्हा बोलावलं, तर तो लांबूनच पाहतो आणि म्हणतो, हे माझ्यातलं नाही. हकीम नाडी धरून बराच वेळ बसतो. परभणीला तुराबुल हक शाहांच्या दर्ग्यावर नेता, मरीआईला बोलता. कुणीतरी सांगतं म्हणून अंगातलं भूत काढायला त्याच्या पाठीवर ओल्या फोकेचे वळ उमटवले जातात. तेव्हा तुम्ही त्याचे दोन्ही हात धरून बसलेल्या असता, कारण धरायला तुम्हालाच सांगितलेलं असतं.

एका संध्याकाळी तो अंगणात बसलाय आणि उतरतं ऊन तिरपं त्याच्या डोळ्यात शिरतं. बुबुळाच्या अगदी काठाला, काळ्या-पांढऱ्याच्या सांध्यावर, घासलेल्या पितळेसारखी एक बारीक कड चमकते. ही लहानपणी नव्हती, एवढं तुम्हाला जाणवतं. छान दिसते, असंही वाटून जातं. मग आत्या हाक मारतात आणि तुम्ही उठता.

पुढं कधीतरी इथली माणसं मोठ्या ऐटीत म्हणतील, जगात जर्मनी आणि भारतात परभणी. तुमच्या अंगणातली ती कड १९११ मध्ये खरोखरच जर्मनीत कागदावर आलेली आहे. १९०२ मध्ये कायझर आणि १९०३ मध्ये फ्लायशर या डोळ्यांच्या डॉक्टरांनी ती पाहून लिहून ठेवली. कशाची, हे मात्र त्यांनाही उलगडलं नव्हतं. पुढच्या वर्षी, १९१२ मध्ये, लंडनमध्ये किनियर विल्सन नावाचा डॉक्टर एक प्रदीर्घ लेख छापेल: एकाच घरातल्या भावंडांना होणारा, मेंदू आणि यकृत दोन्ही पोखरणारा आजार. त्या लेखात ही कड नाही आणि तिच्यामागं काय आहे तेही नाही. पण तिथून या दुखण्याला नाव मिळालं, विल्सनचा आजार.

तो लेख छापला जातो त्याच वर्षी, मृगाच्या आधी, तुमचा लेक जातो. शेवटच्या महिन्यात त्याला बोलता येत नव्हतं, पण सगळं समजत होतं. तुम्ही भाकरी कुस्करून दुधात कालवून भरवायचात आणि तो डोळ्यांनी पुरे म्हणायचा. तीन पावसाळे जातात. एका सकाळी नदीवरून येताना धाकटीच्या कमरेवरची घागर निसटते. ती हसते. तुम्हाला हसू येत नाही.

१९३८. मुलूख निजामाचा, दप्तर उर्दूत. परभणीहून रेल्वे सरळ हैदराबादला जाते आणि तिथं मुशी नदीच्या काठी उस्मानिया दवाखान्याची घुमटांची इमारत आहे. समजा, शेत गहाण टाकून नवरा लेकराला घेऊन तिथवर पोचला. समजा, विलायतेत शिकून आलेला एखादा डॉक्टर भेटला आणि त्यानं नाव उच्चारलं. विल्सन स्वतः मागच्याच वर्षी वारले आणि त्यांच्या हयातीत या आजाराला औषध सापडलं नाही. नवरा नाव घेऊन परत येईल आणि लेकरू जाईलच.

तरीही ते नाव फुकट गेलं असतं, असं मला वाटत नाही. निदान फोकेचे वळ वाचले असते. आईच्या पायगुणाची चर्चा थांबली असती.

मधली दहा-अठरा वर्षं भराभर ओलांडू. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य संपतं. त्याच वर्षी लंडनमध्ये कमिंग्ज नावाचा संशोधक दाखवून देतो की या रुग्णांच्या मेंदूत आणि यकृतात तांबं साचलेलं असतं. तांबं! आपण खातो त्या ज्वारीत, डाळीत, शेंगदाण्यात ते इवलंसं असतंच आणि शरीराला लागतंही. जादा झालेलं यकृत पित्तातून बाहेर टाकतं. या लेकरांच्या यकृताला तेवढं एक काम जमत नाही. मग ते तांबं आधी यकृतात साठतं, म्हणून कधीकधी आधी कावीळ होते. तिथून सांडलं की मेंदूत जातं आणि डोळ्याच्या काठावरही बसतं. अंगणातल्या उन्हात तुम्ही पाहिलं होतं ते तांबंच.

१९५६ मध्ये, ज्या वर्षी मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, जॉन वॉल्श या इंग्रज डॉक्टरचा पेनिसिलामाइनवरचा लेख आला. पेनिसिलिन घेणाऱ्यांच्या लघवीत त्याला हा पदार्थ आधी आढळला होता. याच्या रेणूची ठेवण पाहून त्याला वाटलं, हा तांब्याला पकडून लघवीवाटे बाहेर काढील. रुग्णाला देण्याआधी त्यानं एक मात्रा स्वतः घेऊन पाहिली. जीव घेणारं दुखणं त्या वर्षापासून गोळ्यांनी आवरता येऊ लागलं. अर्थात, नाव कळलं तर.

१९६७. गावात शाळा आहे आणि तुमचा लेक सातवीत. पहिल्यांदा पाहिलं ते गुरुजींनी. त्यांनी दोन वह्या तुमच्या पुढ्यात ठेवल्या, पाचवीतली आणि सातवीतली. पाचवीतली अक्षरं टपोरी, ओळीवर बसलेली. सातवीत ती मुंगीएवढी झालीत, ओळ सोडून खाली घसरलीत आणि प्रत्येक काना विजेसारखा नागमोडी. "मारून पाहिलं मी," गुरुजी खाली पाहत म्हणाले, "पण हे वात्रटपणाचं नाही, वहिनी."

तुमचा भाऊ मुंबईला गिरणीत आहे. त्याचं पत्र येतं, जे. जे. ला घेऊन या. परभणीहून मनमाडपर्यंत छोटी लाइन. मनमाडला रात्री गाडी बदलायची. नवऱ्याच्या डोक्यावर वळकटी, तुमच्या कडेवर बारा वर्षांचं लेकरू. धाकटीला आत्याजवळ ठेवून आलात. उतरलात तेव्हा पहाट झालेली आणि हवेत समुद्राचा वास, जो तुम्हाला काही केल्या ओळखू येत नाही.

योग असा की देशात जिथं हा आजार बारकाईनं पाहिला जात होता, नेमक्या त्या आवारात तुम्ही आलात. लंडनहून परतलेले डॉ. नोशीर वाडिया यांनी इथं मज्जाविकारांचा विभाग उभा केला आहे. डॉ. दाराब दस्तूर इथंच मेंदूच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मंघनी यांच्यासह या दोघांचा भारतातल्या विल्सन-रुग्णांच्या १६ कुटुंबांवरचा लेख १९६८ मध्ये अमेरिकेतल्या ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात येईल. तोवर हा गोऱ्यांचा आजार, आपल्याकडं कुठला, असं म्हणून कुणी सोडून दिलं असतं तर नवल नव्हतं.

एक तरुण डॉक्टर कोरा कागद घेतो. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. तुमच्या लेकराचा चौकोन तो काळा भरतो. नवऱ्याचा चौकोन आणि तुमचा गोल काढून तो विचारतो, "तुमचं आधीपासून काही नातं?" "यांची आई माझी आत्या," तुम्ही सांगता. तेव्हा तो त्या दोन आकृत्यांमध्ये एकाच्या जागी दोन समांतर रेघा मारतो. तुमच्या लग्नाची ही खूण तुम्ही कधी पाहिलेली नसते. ती कागदावर फार ठळक दिसते.

मग तो समजावतो. तांबं बाहेर टाकायची सूचना प्रत्येकाला दोनदा मिळते, एक आईकडून, एक बापाकडून. एक बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते, माणसाला जन्मभर पत्ता लागत नाही. एकाच घराण्यातल्या दोघांचं लग्न झालं की तीच बिघडलेली सूचना दोघांकडंही असण्याचा संभव वाढतो. दोन्ही बिघडलेल्या एकाच लेकराच्या वाट्याला आल्या की हा आजार. दर बाळंतपणाला चारात एक. "यात दोष कुणाचाच नाही," तो म्हणतो. नवरा आणि तुम्ही, दोघंही कागदाकडंच पाहत राहता.

"अजून लेकरं किती?"

"एक पोरगी. ती धडधाकट हाय."

"तिलाही आणा."

गोळ्या घेऊन तुम्ही परतता. त्या काय गंगाखेडच्या बाजारात मिळणाऱ्या नाहीत. भाऊ पाठवील तशा यायच्या. पेरणी तोंडावर आहे आणि एका खेपेचं कर्ज अजून डोक्यावर. नवरा म्हणतो, ती तर उड्या मारती, तिला कामून न्यायचं? १९६८ मध्ये न्यूयॉर्कचे स्टर्नलीब आणि शाइनबर्ग दाखवून देतील की लक्षणं दिसण्याआधीच औषध सुरू केलं तर हा आजार उमलतच नाही. ते तुमच्या गावात कळायला वेळ आहे. त्या एका वाक्यावर, तिलाही आणा, मी पुन्हा पुन्हा अडतो. सगळी गोष्ट त्यातच होती आणि ती पेरणीखाली गाडली गेली.

१९९३. किल्लारीच्या भूकंपानं मराठवाडा हादरला त्या वर्षाच्या अखेरीस परदेशातल्या प्रयोगशाळांना तो बिघाड नेमका सापडतो: तेराव्या गुणसूत्रावरचं एटीपी७बी हे जनुक. त्याच दशकात मनमाडची लाइन रुंद होते आणि गाडी बदलायचं संपतं. पुढं चला.

२०२४. या खेपेला तुम्ही डी.एड. झालेल्या आहात, अंगणवाडीत शिकवता आणि तुमच्याजवळ एक कापडी पिशवी आहे. तीन वर्षांच्या चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे. एकानं टायफॉइड म्हटलं, एकानं अशक्तपणा. एकानं फिटच्या गोळ्या दिल्या. एकानं मोबाईल काढून घ्या म्हणून सांगितलं. एकानं तुम्हालाच बाहेर बसवून लेकराला विचारलं, शाळेत कुणी त्रास देतं का. परभणी, नांदेड, लातूर. दर ठिकाणी पिशवी उघडायची आणि पहिल्यापासून सांगायचं. सांगून सांगून तुमच्या तोंडी ते आता पाठ झालंय, आणि कावीळ त्यातून केव्हाच गळून गेलीय. ती जुनी गोष्ट. बरी झाली, संपली. तिचा आणि हात थरथरण्याचा काय संबंध?

नाव नसलेलं दुखणं घरात असलं की घर एकमेकांवर उलटतं. नवरा म्हणतो, तू लाडावलंस. आत्या म्हणतात, इंग्रजी शाळेनं वाटोळं केलं. तुम्ही रात्री मोबाईलवर शोधत बसता, आणि तिथं प्रत्येक लक्षणापुढं कॅन्सर लिहिलेला असतो. कुणीतरी ताकदीसाठी सांगितलं म्हणून त्याला रोज सकाळी रात्रभर तांब्याच्या हंड्यात ठेवलेलं पाणी देता. नेमानं. एक दिवस चुकवत नाही.

सरांना वाटलं, फळ्यावरचं दिसत नसेल, नंबर असेल. म्हणून परभणीत, स्टेशनच्या बाजूच्या एका लहानशा डोळ्यांच्या दवाखान्यात तुम्ही आलात. पिशवी मुद्दाम घरी ठेवलीत. चष्म्याला कशाला लागते? आतली खोली अंधारी. लेकरानं यंत्राच्या खोबणीत हनुवटी टेकवली, कपाळ पट्टीला लावलं. डोकं हलतंय म्हणून तुम्ही मागून दोन्ही कानशिलं धरलीत. मॅडमनी प्रकाशाची एक उभी चीर त्याच्या डोळ्यावर सोडली, डावीकडून उजवीकडं नेली, थांबल्या, पुन्हा नेली. मग दुसऱ्या डोळ्यावर. खोलीत फक्त पंख्याचा आवाज.

"ताई, याला कधी कावीळ झाली होती का?"

तुमच्या मनात येतं, डोळ्याच्या डॉक्टरीण बाई काविळीचं कामून विचारायल्यात?

"झाली होती. चौथीला असताना."

"घरात आणखी कुणाला असं? तुमचं लग्न नात्यात झालंय?" आणि मग, "इकडं या. इथं डोळा लावा."

तुम्ही वाकता. आधी काहीच दिसत नाही, नुसता उजेड. मग तुमच्या लेकराचा डोळा आभाळाएवढा होऊन समोर येतो. तपकिरी बुबुळावर रेषारेषांची नक्षी, आणि त्याच्या बाहेर, काठाला, वरच्या बाजूला जाड आणि बाजूंना निमुळती होत गेलेली एक पट्टी. सोनेरी म्हणावी तर हिरवट, हिरवट म्हणावी तर पितळी. तुम्हाला कळत नाही का, पण गळा दाटून येतो. ११३ वर्षांपूर्वी चुलीजवळून उठून अंगणात तुम्ही हीच पाहिली होती.

मॅडम एका चिठ्ठीवर दोन शब्द लिहितात, संशय म्हणून पुढं प्रश्नचिन्ह टाकतात आणि छत्रपती संभाजीनगरच्या मेंदूच्या डॉक्टरांना स्वतः फोन लावतात. ते प्रश्नचिन्ह तुम्ही एसटीत बसल्या बसल्या दहादा पाहता. त्या बाईंनी काय केलं? चष्म्याचा नंबर काढायला आलेल्या पोराच्या थरथरत्या डोक्याकडं लक्ष दिलं आणि काविळीबद्दल विचारलं. एवढंच. मला ते फार मोठं वाटतं.

मग तपासण्या. रक्तातलं सेरुलोप्लाझमिन, म्हणजे तांबं वाहून नेणारं प्रथिन. ते याच्यात फारच कमी. चोवीस तासांची लघवी एका कॅनमध्ये: सकाळची पहिली सोडून द्यायची आणि तिथून दुसऱ्या दिवशीच्या पहिलीपर्यंत थेंब न सांडता साठवायची. तुम्ही न्हाणीच्या कोपऱ्यात कॅन ठेवता, वर चिठ्ठी चिकटवता आणि त्याला शाळेत पाठवत नाही. दिवसाला १०० मायक्रोग्रॅमच्या वर तांबं गेलं तर हा आजार असण्याची खूणगाठ; याचा आकडा त्याच्या कितीतरी पुढं. एमआरआयमध्ये मेंदूच्या मधल्या भागात पांडाच्या तोंडासारखी आकृती उमटलेली. डॉक्टर ती स्क्रीनवर दाखवतात. लेक ती पाहून जड जिभेनं काहीतरी म्हणतो आणि तुम्हाला ते कळतं: "अस्वल."

प्रश्नचिन्ह जातं. विल्सनचा आजार.

तुम्हाला रडू येईल असं वाटलं होतं. पण तुम्ही पहिलं बोलता ते हंड्याचं. "मी रोज तांब्याचं पाणी पाजलं हो. माझ्या हातानं." डॉक्टर पेन खाली ठेवतात. ते पाणी आता बंद करायचं, पण आजार त्यानं झालेला नाही, तो जन्मतःच बरोबर आलेला होता, असं ते दोनदा सांगतात. दुसऱ्यांदा नवऱ्याकडं पाहून.

भांड्यानं आजार होण्याचीही एक गोष्ट याच महाराष्ट्रात घडलेली आहे. बाळांचं यकृत कडक होऊन ती दगावायची, कित्येक घरांत एकापाठोपाठ एक. १९८० च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडच्या टॅनर यांच्यासह त्याचा माग काढला, तो कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांतल्या दुधापर्यंत गेला. त्या बाळांनाही पेनिसिलामाइन दिलं गेलं. घराघरांत स्टील आलं आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला. तिथं भांडं बदलून भागलं. तुमच्या घरात भागणार नाही. इथं गोळ्या जन्मभर.

जगाचा ढोबळ हिशोब तीस हजारांत एक असा सांगतात. २०११ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची वस्ती १८ लाख ३६ हजार होती. भागाकार करून पाहा: साठेक माणसं. त्यांतली किती जण आज एखाद्या भगताच्या दारात, एखाद्या मास्तरच्या छडीपुढं, एखाद्या पिशवीत चिठ्ठ्या साठवत असतील, हा विचार मला सोडत नाही.

गोळ्या सुरू झाल्यावर पहिले दोन महिने हात जास्तच थरथरला. तसं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून तुम्ही धीर धरलात. नाव नसतं तर त्याच आठवड्यात औषध फेकून दुसरीकडं धावला असतात. पाचव्या महिन्यात लाळ कमी झाली. आठव्या महिन्यात त्यानं सदऱ्याचं वरचं बटण स्वतः लावलं, चारदा सुटून पाचव्यांदा. बोलणं अजून जड आहे. सगळं परत येईल का, ते डॉक्टर सांगत नाहीत आणि तुम्ही विचारायचं थांबवलंय.

त्या पहिल्या दिवशी, उठता उठता डॉक्टरांनी विचारलं होतं, "अजून लेकरं किती?"

"एक पोरगी. ती ठणठणीत..." तुम्ही अर्ध्यात थांबलात. दाराबाहेरच्या बाकावर धाकटी बसलेली होती. या खेपेला तिला आत्याजवळ ठेवून आला नव्हतात. तिच्या डोळ्यात कड नव्हती. रक्त मात्र भावासारखंच निघालं, लघवीही.

तिला झिंकच्या गोळ्या आहेत, दिवसातून तीनदा. त्या आतड्यातच तांबं अडवतात. गोळीनंतर तासभर काही खायचं नाही. "मला तर काहीच होत नाही, मग मला कशाला?" ती रोज सकाळी विचारते, तुम्ही रोज सांगता, आणि ती स्टीलच्या गडव्यातलं पाणी ओतून घेऊन गोळी गिळते. त्या तासात ती गृहपाठ करते. चहा होईपर्यंत तुम्ही तिच्यामागं जाऊन उभ्या राहता आणि खांद्यावरून वही पाहता. काना सरळ आहे, वेलांटी गोल आहे, अक्षर ओळीवर आहे. तुम्ही मागचं पान उलटता. मग त्याच्याही मागचं.

"काय शोधायलीस, आई?"

"काही नाही. लिही तू."